आडवा दाब

"बावीस," साईनाथ म्हणाला आणि सुशांतने पेढ्यांचा बॉक्स उघडलाच.

तीन आठवड्यांपूर्वी इथेच आकडा एकेचाळीस आला होता. दिव्यातल्या त्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणणं चालू होतं. खड्ड्याच्या कडेला नवी भिंत, भिंतीपासून चार पावलांवर अठरा खोल्यांची चाळ आणि खाली सगळी वाळू. वाळू नुसती खाली बसत नाही, आडवीही रेटते. तो रेटा मोजायला साईनाथला बोलावलेलं. भिंत आणि चाळ यांच्यामधल्या जमिनीत तो पोलादी पातं दाबायचा, पात्यावरची चकती हवेने फुगवायचा आणि वाळूला बाजूला सारायला किती हवा लागली ते वाचायचा. पंचेचाळीसच्या वर गेलं की काम बंद, चाळ रिकामी. सुशांत हा बिल्डरचा साइटवरचा माणूस. एकेचाळीस ऐकल्यापासून त्याने शनिवार धरले होते.

साईनाथला स्वतःवर शंका घ्यायची सवय नव्हती. वीस वर्षं तो आकडे देत होता आणि इमारती उभ्या होत्या; याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्याच विद्यापीठाकडे नव्हतं. त्याने लॅपटॉपवर 'चाळीला धोका नाही' असं टाइप केलं आणि दुसरा पेढा उचलला.

तेवढ्यात पहिल्या खोलीतल्या मंजुळाबाई पत्र्याच्या कुंपणापाशी आल्या. सुशांतने चेहरा आवळला. बाईंची रोज एक तक्रार ठरलेली. आज मात्र त्या हसत होत्या.

"साहेब, तुमचं मशीन गुणाचं हां. अकरा वर्षं आमचं दार खांद्याने ढकलायला लागायचं. सोमवारपासून बोटाने उघडतंय."

"घ्या मावशी, पेढा घ्या," सुशांत खुलला. "आता तक्रार नाय ना काय?"

"छे! कडी तेवढी पोचत नाही. चौकट लांब गेल्यागत वाटते. पोराला सांगितलंय, सुतळी बांध म्हणून."

साईनाथचा पेढा तोंडातच राहिला.

"चौकटीची कुठली बाजू लांब गेली, मावशी?"

"ही काय, तुमच्या खड्ड्याकडची."

त्याने लॅपटॉपवरची ओळ पुसली.

"सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. सामान राहू दे, म्हातारी माणसं आधी. सुशांत, खड्ड्यातली माणसं वर घे आणि डंपर परत बोलव. भिंतीला खड्ड्याच्या बाजूने माती लावायची, जेवढी मिळेल तेवढी."

"अहो सर, आकडा निम्म्यावर आलाय! आता कसली भीती?"

"भिंत जागेवर असते ना, तोवरच वाळू तिला जोरात रेटते," साईनाथ म्हणाला. आवाज मघाइतकाच ठाम होता. "रेटा निम्मा झाला, कारण भिंत सरकलीय. आणि चाळीखालची वाळू तिच्यामागून निघालीय."