शेवंतीची जागा

नातीनं, एंजलनं, स्कूटी अंगणात लावली, डिकीतून पाकीट काढलं, तसा बाजेवर बसलेला मोझेस काठीला धरून सावरला.

"पानी," तो म्हणाला.

त्याची बायको मरिया पायरीवर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती उठली, तांब्या आणून बाजेशेजारी ठेवला आणि कोंबड्यांकडे तोंड करून म्हणाली, "पानी ठेवलंय म्हनावं."

तीन आठवडे हे असंच चाललं होतं. घरात माणसं दोन आणि निरोप कोंबड्यांच्या हाती.

भांडण परसातल्या गुंठाभर तुकड्याचं होतं. अठ्ठावीस वर्षं मोझेसनं तिथं शेवंतीशिवाय काही लावू दिलं नव्हतं. 'तिथं शेवंतीच नामी येती,' एवढंच म्हणायचा. मरियानंही हौसेनं लावली, चर्चला फुलं नेली आणि त्या तुकड्यात शेणखत, पालापाचोळा, उसाचं पाचट, जे म्हणून कुजेल ते दर वर्षी ओतलं. यंदा मोझेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने तो परसात फिरकला नाही, तेवढ्यात तिनं गाजरं टाकली. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला घरचं पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं असतं. यंदा आमची गाजरं, असं तिनं पाळकांना सांगूनही टाकलं.

काठी टेकत मोझेस पहिल्यांदा परसात गेला, तेव्हा गाजरांचा पाला चांगला वीतभर वर आला होता. तो बघून त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. पिकावरच्या किडीला मारायची विषारी पावडर सरकारनं बंद केली, त्या साली उरलेलं अर्धं पोतं त्यानं तिथंच पुरलं होतं. त्या दिवशी त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं आणि तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

नात एंजल राहुरीला माती परीक्षणाच्या कामात होती. तिनं तिथली माती, गाजरं आणि मूठभर गांडुळं पिशव्यांत भरून पुण्याला तपासायला पाठवली. उद्या रविवार, उद्याच सण, आणि कागद आज आला होता.

"सांग बाई एकदाचं," मोझेस म्हणाला.

"मातीत आहे, आजोबा. बऱ्यापैकी आहे."

मोझेसनं मान खाली घातली. सणाला वाहिलेल्या पिकांचा चर्चमध्ये लिलाव व्हायचा; त्यात ती गाजरं कुणीतरी घेतली असती, घरी नेऊन लेकरांना त्यांचा हलवा केला असता. हा विचार तीन आठवडे त्याच्या मानगुटीवर बसला होता.

"गांडुळांत नावापुरतं आलंय," एंजल पुढे वाचत म्हणाली, "आणि गाजरात काहीच नाही. सालीतसुद्धा नाही."

"मशीन बिगाडलं आसंल." चांगल्या बातमीचीही त्याला भीती वाटत होती.

"दोनदा तपासलंय. मलाही आधी पटलं नव्हतं, कारण गाजर असलं काही लगेच ओढून घेतं. पण आजीच्या मातीतला सेंद्रिय कर्ब बघा. आपल्या बाकीच्या रानात अर्धा टक्का भरत नाही, इथं साडेतीन आहे. ती पावडर या कुजलेल्या खताला चिकटून बसलीय. आहे तिथंच आहे, पण मुळांना सुटत नाही."

मरियाच्या हातातले दाणे हातातच राहिले. "म्हंजी माज्या शेनानं धरून ठेवलंय व्हय?"

"शेणानं, पाचटानं, सगळ्यानं मिळून. पण आजी, खत बंद करायचं नाही. कर्ब उतरला की ती पकडही सैल होईल."

मरिया उठली. खुरपं घेऊन परसात गेली आणि हातभर पाल्याचं एक गाजर नळाखाली धुऊन घेऊन आली. सणाआधी पहिल्या पिकाला घरात कुणी तोंड लावायचं नाही, हा तिचा नियम. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं पेरूची फोडसुद्धा कुणाला उष्टावू दिली नव्हती. तिनं गाजराचे दोन तुकडे केले आणि एक नवऱ्यापुढे धरला.

"खावा."

"अगं, उद्या सण हाय. आदी देवाला..."

"देवाला न्यायचंच हाय. पन तिथं दुसऱ्या कुनी कशापायी चाखून बघायचं? ज्यानं पुरलं त्यानं आदी खावं."

मोझेसनं तुकडा घेतला. कागदावरचं त्याला पटलं होतं, तरी तुकडा त्यानं दोनदा उलटून बघितला. त्यानं चावलं, गिळलं, आणि डोळे पुसले.

"पुरलं त्याचा मला राग न्हाई," मरिया म्हणाली. "त्या टायमाला काय कळत हुतं कुनाला. पन येवढी वर्सं मला सांगितलं न्हाई, त्याचा हाय."

"भ्यालो हुतो."

"पावडरीला?"

"तुला."

एंजलनं हसू लपवायला तोंडाला ओढणी लावली. मरियानं मात्र गंभीर चेहऱ्यानं आपला तुकडा संपवला.

"गोड हाय," ती म्हणाली. मग त्याच्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "आता बरा हाय न्हवं ह्यो? मग सोमवारपासनं शेनाचं घमेलं तुमी उचलायचं."

"उचलतो," मोझेस म्हणाला.

कोंबड्या पायरीशी गोळा होऊन तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्याकडे द्यायला आता निरोप नव्हता.