केसाहून बारीक वल्ही

दादाने वहिनीच्या पाठीत दुसऱ्यांदा वल्हं घातलं, तेव्हा मी रक्ततपासणीचा अहवाल घेऊन मिरकरवाड्यातल्या आमच्या घरात शिरले. “ग्रहणात हिनं मासळी कापलीन, म्हणून पोराचं डोकं असं फुगलंय!” आई किंचाळत होती. मेंदूतल्या पेशी कशा घडतात, यावर मी संशोधन करते. घरातल्या सगळ्यांचं रक्त मीच तपासलं होतं. कारण कळलं की मार थांबेल, असं मला वाटलं. “दादा, मेंदूतल्या पेशींना केसाहून बारीक वल्ही असतात, ती पाणी ढकलतात. बाळाला ती फुटलीच नाहीत, म्हणून पाणी साचलं. दोष अर्धा वहिनीकडून आलाय, अर्धा तुझ्याकडून.” “माझ्यात कुठून आला?” “आईकडून.” त्याने वल्हं आईवर उगारलं. आई भिंतीला चिकटली. ओठांवरचं रक्त पुसत वहिनी मध्ये उभी राहिली. “मला मारलंत, आता त्यांना माराल. मग पोराच्या डोक्यातलं पाणी कोण उपसणार?”