वाढत्या अंगाची खुर्ची

रविराजची रजा उद्या संपत होती आणि त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. टिळकवाडीतल्या त्या दुकानात आल्यापासून त्यानं लहान मुलांना गाडीत बसवायच्या जेवढ्या खुर्च्या होत्या तेवढ्या खाली उतरवायला लावल्या होत्या. प्रत्येकीत ऋतिकाला एकदा बसवलं, एकदा उचललं. ऋतिका नुकतीच तीन वर्षांची झाली होती आणि आता चांगलीच वैतागली होती.

फौजी माणूस जाताना वर्षभराचं सगळं करून जायला बघतो. यानंही लेकीसाठी आठवडाभर खरेदी केली होती. चपला बोटभर मोठ्या. रेनकोट पायांत येणारा. स्वेटरच्या बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी वळकटी झालेली. सगळं वाढत्या अंगाचं. आपल्याकडं लेकराला अगदी मापाचं घेणाऱ्याला लोक उधळ्या म्हणतात, आणि रविराज काही उधळ्या नव्हता.

पण खुर्चीची गोष्ट वेगळी होती. सोमवारपासून त्याची बायको दिपाली काकतीहून बेळगावला एकटी गाडी चालवत येणार होती. आधी लेकीला पाळणाघरात सोडायचं, मग ऑफिस गाठायचं. मागं बसून पोरीला मांडीवर धरायला कुणी नव्हतं.

"ही घ्या की ओ सर," दुकानदार नागेंद्रनं मोठ्या खुर्चीवर थाप मारली. "पोरगी बारा वर्षांची होईस्तोवर बगायला नको. ती बारकी काय, चार वर्षं झाली की संपलं."

रविराजला तेवढंच हवं होतं. "हीच द्या."

"अवो, हिच्यावर चार वर्षांच्या पुढं म्हणून लिवलंय," दिपाली म्हणाली.

"मग? ऋतू चारची व्हणार न्हाय व्हय?"

"व्हईल की. सोमवारी व्हणार हाय का?"

"लावून तर बघू गं!" म्हणत त्यानं खुर्ची उचललीसुद्धा.

त्या खुर्चीला स्वतःचे पट्टे नव्हते, गाडीचाच पट्टा लावायचा होता. तो ऋतिकाच्या गळ्यावरून जाऊ लागला. रविराजनं तो खांद्यावर ओढला. पट्टा परत गळ्यावर. मग त्यानं तिच्या बुडाखाली टॉवेलची घडी सरकवली. "आता झ्याक बसली," असं कुणी विचारलं नसताना म्हणाला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

दिपालीनं गाडी काढली. गाडी कितीशी जोरात असणार, गल्लीतच होती. तरी कोपऱ्यावर एक रिक्षा आडवी आली आणि तिनं करकचून ब्रेक दाबला. ऋतिका टॉवेलसकट सुळकन खाली घसरली आणि पट्टा तिच्या हनुवटीखाली अडकला. रविराजचा हात आधीच तिच्या छातीवर आडवा गेला होता म्हणून बरं. तिला काही लागलं नाही. ती नुसती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

दिपालीनं गाडी कडेला घेतली. 

"आज तुमचा हात हुता," ती म्हणाली. "सोमवारी कुणाचा असंल?"

रविराजनं पट्टा सोडवला. लेकीला उचलून पोटाशी घेतलं.

"पुढच्या रजंला येईन तवा ही चारची झाल्याली असंल," तो म्हणाला. "त्या बारक्या खुर्चीत मावायची न्हाय. मला वाटलं, मी आणल्याल्या खुर्चीत बसल्याली एकदा तरी बघीन."

  "तुमी आणल्याली खुर्ची, तुमी नसताना लागणार हाय," ती म्हणाली.

दोघं दुकानात परतली आणि लहान खुर्ची घेऊन आली. हिचे पट्टे तिच्यातच होते. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. पाचही पट्टे पोटावर एका कुलपात अडकायचे. ऋतिका तिच्यात अशी बसली की इकडं हलायला नको की तिकडं. नागेंद्रनं एकदा दाखवलं. रविराजनं ते कुलूप कितीदा लावलं आणि कितीदा काढलं! शेवटी ऋतिकानंच त्याचा हात बाजूला केला.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा मागंच बसला होता, पट्ट्यावर हात ठेवून. गाव संपून हायवे लागायच्या आधी दिपालीनं गाडी थांबवली.

"पुढं येऊन बसा."

"असू दे की. हितं बरं हाय मला."

"या पुढं. सोमवारी मागं कोण नसणार. तिला आजच कळू दे."

तो गुमान उतरून पुढं आला. गाडी हायवेला लागली. उसाचा एक ट्रॅक्टर मागं पडला, मग दुसरा.

"बाबा," मागून हाक आली.

रविराजची मान वळली. दिपालीनं रस्त्यावरची नजर न काढता नुसती 'नको' अशी मान हलवली. त्यानं पुन्हा समोर बघितलं. मुठी मांडीवर दाबून धरल्या.

"बाबाऽ," आता जरा मोठ्यानं. त्यात रडं होतं. मग थोडी कुरकुर झाली, पाय आपटल्याचा आवाज आला. आणि मग ती आपली आपणच काचेबाहेर बघून काहीतरी बडबडू लागली.

"बसली बघा," दिपाली म्हणाली.

"व्हय," रविराज म्हणाला, आणि लेकीनं अजून एकदा तरी हाक मारावी म्हणून काकती येईपर्यंत वाट बघत राहिला.