खंदकातला उमेदवार

“महायुद्धं खंदकात जिंकली जात नाहीत, ती मुख्यालयात जिंकली जातात!” अंगदनं खडू उगारून जाहीर केलं.

“थांबा थोडं,” संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले. “आधी चहा येऊ द्या.”

महायुद्ध थांबलं.

बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याला येऊन अंगद याच कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होता. आज कायम नोकरीची मुलाखत. वयाची अट बघता ही शेवटचीच. निघताना बायको मनीषानं बजावलं होतं, “खरं बोलायची सवय आज तेवढी घरी ठेवून जा.”

पहिला कप टेबलाच्या टोकाला बसलेल्या दीपमाला मॅडमना गेला. विद्यापीठाच्या विषयतज्ज्ञ याच, हे अंगदनं ताडलं. काकासाहेब मोबाइल बघत होते, प्राचार्य रामप्रसाद काकासाहेबांकडे बघत होते. वहीत लिहून घेत होत्या त्या एकट्या मॅडमच.

“सैन्याची एकच डिव्हिजन घ्या,” अंगदनं पुन्हा सुरुवात केली. “एका हल्ल्यात तिची माती होते. दोन महिन्यांनी तीच मैलभर पुढं जाते. शिपाई तेच, चिखल तोच. मग बदललं काय? वरच्यांची तयारी! नकाशे, दारूगोळा, टेलिफोनच्या तारा. मागच्या मैदानात शत्रूच्या खंदकांची आखणी करून तालीमसुद्धा.”

“सर, सावकाश,” मॅडम म्हणाल्या. “तोफांचा मारा पायदळाच्या पुढं कसा सरकायचा?”

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अंगदनं झटक्यात फळ्यावर एक रेघ ओढली.

“साधारण शंभर यार्ड, दर तीन-चार मिनिटांनी! मिनिट चुकलं, की आपलेच गोळे आपल्याच...”

काकासाहेबांचा फोन वाजला. “सळई जल्दी उतरवून घे रे. मी मुलाखत घेऊन राह्यलो इथं!” फोन ठेवून त्यांनी विचारलं, “मंग शिपायाच्या हातात काहीच न्हाई का, सर?”

मनीषाचा सल्ला अंगदला आठवला, पण उशिरा. “जीव देणं आहे ना, साहेब. बाकी निकाल वर ठरलेला असतो. पहिली गोळी सुटायच्या आधी.”

काकासाहेब आणि प्राचार्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बिलकुल बराबर!” काकासाहेब खूश होऊन म्हणाले. “या तुम्ही. कळवतो.”

अंगद जिन्यापर्यंत पोचला तोच मागून चपला वाजल्या. दीपमाला मॅडम वही छातीशी धरून धावत आल्या होत्या.

“काय शिकवता हो सर! मामंजी म्हणलेच होते, सरांना एकदा बघून घे.”

“मामंजी?”

“काकासाहेब. सासरे माझे. सोमवारी मला रुजू व्हायचंय ना तुमच्या जागी. तुमचा नंबर देता का? पोरं लई शंका विचारतात म्हणं.”