हिरवं पाणी

टोकावड्याला दोघा भावांचं अंगण एकच. तिथं धाकट्या जावेची, नम्रताची, पांढरी गाडी दिमाखात उभी असायची, आणि थोरली काशी मात्र बाजाराला एसटीनं जायची. भांडी घासताना काशीची नजर त्या गाडीवरून हलत नसे.

गाडीला एकच खोड होती. इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट रोज भरावं लागे. खाली थेंब सांडलेला नसे, मेकॅनिकला गळती सापडत नसे, तरी सकाळी टाकी रिकामी.

"नजर लागली असंल," नम्रता म्हणाली. "ताई, तुमी मोठ्या. तुमीच दृष्ट काढा."

काशीला मनातून गुदगुल्या झाल्या. तिनं मीठमिरच्या गाडीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण कोणाला साधा ठसकासुद्धा लागला नाही.

"ठसका नाय म्हंजे लय जबर दृष्ट होती गो," नम्रता पुटपुटली.

तिच्या नवऱ्यानं, संदेशनं, टाकी भरून काशीला हाक मारली. "वयनी, बघा. वरच्या रेघेपर्यंत भरलंय."

काशी वाकली. ही गाडी माझ्या दारात का नाय, असं तिच्या मनात आलं, आणि टाकीतलं हिरवं पाणी बोटभर खाली गेलं. मग आणखी बोटभर.

"गटगट आवाज कुठून येतोय?" संदेश इकडंतिकडं बघू लागला.

काशीच्या घशाखाली काहीतरी गार, गोडसर उतरत होतं. तिनं पदरानं ओठ पुसले. पदराला हिरवा डाग पडला, आणि तिची तहान अजून भागली नव्हती.