पहिल्यांदाच आलोय

"मीही इथे पहिल्यांदाच आलोय," निरंजन सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला. विचारलंय कुणी, शलाकाला वाटलं. शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतलेली लांबुडकी बोट नवऱ्याने कालव्याकाठच्या या इंग्रज खेड्यात, नकाशा न बघता, नेमकी धक्क्याला लावली होती.

तेवढ्यात एक तपकिरी कुत्रं धावत आलं आणि त्याचे हात चाटू लागलं.

"गो अवे!" तो ओरडला. कुत्र्याची शेपटी थांबेना.

शलाकाच्या मनात पाल चुकचुकली. ती हळूच म्हणाली, "खाली बस."

कुत्रं झटकन बसलं.

"याला मराठी कुणी शिकवलं रे?"

"योगायोग गं. चल, कुठेतरी चहा घेऊ."

"जिने शिकवलं, तिच्याकडेच घेऊ की," म्हणत शलाका कुत्र्याकडे वळली. "चल, घरी चल."

कुत्रं उठलं आणि निरंजन येतोय ना, हे वळून वळून बघत पुढे निघालं.