पेडलवरचा पाय

शनिवारी ग्रीसमधल्या वोलोसच्या आमच्या गॅरेजात आजोबांच्या जुन्या फियाटच्या ब्रेकमधली हवा आम्ही काढत होतो. बाबा गाडीखाली चाकाजवळचा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाटलीत सोडायचे, मी पेडलवर.

"दाब, थेकला! आणि मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस, नाहीतर हवा परत शिरेल."

"या डब्यातून हिला लग्नाला नेणार म्हणे!" आई कॉफी ठेवत म्हणाली. "तोवर आजी होईल ती."

रविवारी बाबा वारले.

चर्चमधल्या त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेहून परतल्यावर मी एकटीच गाडीत बसले आणि सवयीने पेडल दाबलं. ते घट्ट होतं. मग खालून कुणी स्क्रू सैल करावा तसं हळूहळू तळाला गेलं. चाकाजवळच्या बाटलीत तेल पडू लागलं.

दारातून वाकून पाहिलं. गाडीखाली कुणीच नव्हतं.

पाय उचलायचा धीर होईना.

"बाबा," मी म्हणाले, "मला ही गाडी कधीच नको होती. मी फक्त तुमच्यासाठी यायचे."